सात जेवणांचा बेत

माझ्या सुनेला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस जातो. लग्न ठरलं तेव्हा तिनं डॉक्टरांचा कागद पुढ्यात ठेवून हे आम्हाला सांगितलं. नाशिकची मुलगी, बोलायला सरळ. पण सोलापुरात हे ऐकून लोक आधी हसतात. आमच्याकडे चटणी शेंगांची, तेल शेंगांचं, भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि उपासाच्या दिवशी तर कुटाशिवाय पान हलत नाही. माझ्या नणंदेनं साखरपुड्यातच विचारलं, "मग ही आपल्या घरात खाणार तरी काय?" मला तिचा स्वर आवडला नाही. मी म्हटलं, "मी रांधीन ते खाईल."

बोलले तसं वागलेही. शेंगतेलाचा डबा गेला, करडईचं तेल आलं. मिक्सरची भांडी नवी घेतली, कारण जुन्यांत वर्षानुवर्षं कूट झालेलं. कुटाच्या जागी तीळ, जवस, कारळं आली. मुलगा आणि सून पुण्याला असतात, सणासुदीला येतात. दीड वर्षात माझ्या घरी तिला एकदाही त्रास झाला नाही. हॉटेलात ती दहा प्रश्न विचारून मग घास घेते, माझ्याकडे पान वाढलं की सरळ जेवायला बसते. याचा मला अभिमान होता. अभिमान हा फारच सौम्य शब्द झाला, चार बायका जमल्या की मी हा विषय काढायचीच.

दुसरा अभिमान जुना होता. शाळेत शिकवत असताना तीसेक वर्षं मी गाइडच्या मुलींची शिबिरं घेतली. माळावर, तलावाकाठी, जिथं दुकान नाही आणि पाणी घागरीनं आणावं लागतं अशा जागी. तिथला स्वयंपाक माझ्या ताब्यात. सामान थोडं न्यायचं आणि त्यातून जेवणं जास्त काढायची, हा माझा हातखंडा. डाळ एकदाच शिजवायची, दुपारी तिचं वरण, संध्याकाळी आमटी, आणि उरली तर सकाळी पिठात मळून धपाटे. शिळ्या भाकरीचा कांदा-मिरचीवर परतून कुस्करा. आणि पाण्याचा थेंब फुकट घालवायचा नाही. पातेलं रिकामं झालं की ओंजळभर पाण्यानं विसळायचं, ते पाणी फेकायचं नाही, पुढच्या पिठात घालायचं. तेल, मीठ, मसाला त्यात असतोच की. मुली आधी नाक मुरडायच्या आणि मग त्याच पिठाचे धपाटे मागून मागून खायच्या. अजूनही कुणी जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली की "बाई, तुमचं ते पातेल्याचं पाणी!" म्हणून हसते.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मुलानं दोन तंबू आणले. दोघांना तीन दिवस कुठंतरी उघड्यावर राहायचं होतं. सुनेचं मन मात्र धजत नव्हतं. परक्या जागी, परक्या माणसानं रांधलेलं खाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं ती म्हणाली. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "माझ्याबरोबर चला. मी रांधते. दाणा तर सोडच, दाण्याचं टरफलसुद्धा त्या सामानात नसेल." तिचा चेहरा खुलला. हे घरीच थांबले, त्यांच्या कमरेला जमिनीवरची झोप आता सोसत नाही.

मंगळवेढ्याच्या पुढं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं शेत आहे. आता चाळिशीची बाई, घरचं सगळं रान तीच बघते. तिला फोन केला तर म्हणाली, "या की बाई, इचारताय काय! तळ्याच्या कडंला लई झ्याक जागा हाय." मी वहीत बेत लिहिला. तीन दिवस, तीन माणसं, सात जेवणं. जोंधळ्याचं पीठ, थोडी कणीक, तुरीची डाळ, तांदूळ, कांदे, लसूण, हिरव्या मिरच्या, चिंच, गूळ, तीळ, करडईचं तेल. एवढंच. सगळे डबे घासून, उन्हात वाळवून मी स्वतः भरले.

काळं रान, छातीएवढा जोंधळा, त्याच्या टोकाला पाझर तलाव आणि तलावात गुडघाभर गढूळ पाणी. तंबू बांधाला लागून असलेल्या पडीक तुकड्यात लावले. गाडी तिथवर येत नव्हती. आदल्या दिवशी रानाला पाणी दिल्यामुळं वाट चिखलाची झाली होती, म्हणून ती दोन शेतं पलीकडं डांबरी रस्त्यावर ठेवली. पिण्याचं पाणी विद्यार्थिनीच्या वस्तीवरच्या बोअरचं, आणि बोअर चालायचा तो वीज येईल तेव्हा. आम्ही दोन कॅन भरून आणले.

पहिल्याच संध्याकाळी सुनेनं एक चपटी लाल डबी काढून मला पुन्हा दाखवली. आत कापसात गुंडाळलेल्या इंजेक्शनच्या दोन काचेच्या कुप्या, दोन सिरिंजा, आणि गोळ्यांची पट्टी. "नुसती खाज आली तर गोळी. दाणा गेला असं कळलं तर वाट बघायची नाही, लगेच मांडीत इंजेक्शन, आणि मग दवाखाना. इंजेक्शननं मिळतो तो थोडा वेळ, तेवढ्यात पोचायचं." मुलानं मान डोलावली, त्याला पाठ होतं. मी म्हटलं, "ठेव ती बॅगेत. लागायची नाही."

बेत माझ्या वहीप्रमाणं चालला. पहिल्या दुपारी भात-वरण आणि कच्चा कांदा. संध्याकाळी त्याच वरणात चिंच-गूळ आणि लसणाची खमंग फोडणी, बरोबर गरम भाकरी. दुसऱ्या सकाळी उरल्या भाकरीचा कुस्करा. दुपारी पुन्हा डाळ शिजवली, जरा जास्तच, आणि त्यातल्या निम्म्या डाळीत कणकेच्या चकोल्या सोडल्या. सून बोटं चाटत म्हणाली, "आई, एवढ्याशा सामानात तुम्ही हे कसं जमवता?" मी पातेलं विसळलं आणि ते पाणी संध्याकाळच्या भाकरीच्या पिठासाठी राखून ठेवलं. बघ म्हटलं, असं जमवते. ती हसली. त्या दुपारी ती जोंधळ्यातून तलावापर्यंत जाऊन आली आणि पात्यांच्या खरखरीनं तिच्या हातांना खाज सुटली. पाण्यानं धुतल्यावर अर्ध्या तासात ती गेली. हे सांगायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी त्या खाजेनं आमचा घात केला.

संध्याकाळी विद्यार्थिनी डबा घेऊन आली. वांग्याची भाजी, वर बोटभर तेलाचा तवंग. मी आधीच विचारलं, "यात शेंगदाणे आहेत का गं?"

"न्हाईत की. दाणं कशाला घालीन?"

"आणि कूट?"

"कूट हाय की! कुटाबिगर वांगं कसं हुईल बाई?"

आम्ही तिघंही हसलो. तिला कळेना, मग सुनेनं तिला नीट समजावून सांगितलं, तेव्हा बिचारी ओशाळली. "अगं बया. मग तुमी खाऊ नगा वैनी. मी उद्या दुसरं कायतरी आणते." सून लांब जाऊन बसली आणि आमटी-भाकरी जेवली. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही आपली रीत, म्हणून मी भाजी माझ्या लहान पातेल्यात काढून घेतली, डबा पुसला, त्यात गुळाचा खडा घालून तिच्या हातात दिला. भाजी मी आणि मुलानं संपवली. चमचा वेगळा ठेवला, हात साबणानं धुतले, पातेलं कडेला सारलं. मी किती काळजी घेते हे मला त्या वेळी स्वतःलाच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीज आली नाही. कॅनच्या तळाला थोडंसंच पाणी उरलेलं, त्यातलं चहाला गेलं. धपाट्यांचं पीठ मळायचं होतं. आता मी काय केलं ते जसं केलं तसंच सांगते. परातीत जोंधळ्याचं पीठ घेतलं, मूठभर कणीक, चिरलेला कांदा, मिरची-लसणाचा ठेचा, तीळ, आणि कालची राखून ठेवलेली डाळ. डाळीचं पातेलं विसळून पाणी पिठात ओतलं. शेजारी लहान पातेलं होतं. तेही विसळलं, त्याच्या कडा बोटानं निपटल्या, आणि तेही पाणी पिठात ओतलं. तोंडानं मी मुलाशी बोलत होते, तंबूला दव लागलंय, वाळल्याशिवाय घडी घालू नको म्हणत होते. भाजी सुनेला द्यायची नाही हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण भाजी संपली होती. आणि विसळलेलं पाणी म्हणजे भाजीच, हे माझ्या डोक्यात तीस वर्षांत कधी आलं नव्हतं. माझ्या लेखी ते फक्त पाणी होतं.

धपाटे छान झाले. सुनेनं एक संपवला, दुसरा अर्धा खाल्ला. "आज काहीतरी वेगळीच चव आहे, आई. नेहमीपेक्षा भारी." मी सुखावले. काय घातलंत, असं तिनं विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला काहीच वेगळं घातल्यासारखं वाटत नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. ती तळहात चोळायला लागली. मग मान. मी म्हटलं, "पुन्हा जोंधळ्यात गेली होतीस का?" ती म्हणाली, सकाळी तोंड धुवायला त्या बाजूनंच गेले होते. मुलगा तंबूच्या खुंट्या उपटत होता, तो हातातलं टाकून आला. तिच्या गळ्यावर लाल गांधी उठायला लागल्या होत्या.

"आई, धपाट्यात काय काय होतं?" त्यानं विचारलं.

मी भराभर सांगितलं. पीठ, कणीक, कांदा, ठेचा, तीळ, डाळ.

"दाणे?"

"नाही."

"तेल कुठलं?"

"करडईचं. घरून आणलेलं. अरे, मी दाण्याला हात तरी लावते का?"

माझा आवाज चढला होता. मला कुणी स्वयंपाकावरून उलटतपासणी घेतलेली सहन होत नाही, तिथंही झाली नाही. सुनेनं लाल डबी उघडून मांडीवर ठेवली होती. तिनं माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "नक्की ना, आई?"

"तुझी शपथ. दाणा नाही."

तिनं इंजेक्शन परत कापसात ठेवलं आणि गोळी घेतली. "मग जोंधळ्याच्या पात्यांचीच ॲलर्जी असेल," ती मुलाला म्हणाली. "आईंनी केलंय ना ते. थोडं थांबू." त्या इंजेक्शनचा तिनं धसका घेतला होता. कॉलेजात असताना एकदा घ्यावं लागलं होतं, तेव्हा काळीज छाती फोडून बाहेर येतंय असं वाटलं होतं, असं ती सांगायची. माझ्या शब्दावर तिनं ते टाळलं.

आम्ही थांबलो. उन्हं वर येत होती आणि आम्ही तिघं तिच्या गळ्याकडं बघत बसलो होतो. गांधी कमी होत नव्हत्या. खालचा ओठ एका बाजूनं फुगला. ती खाकरली, पुन्हा खाकरली. मुलगा दर मिनिटाला विचारत होता, "श्वास नीट येतोय का?" आणि ती मान हलवत होती. मला आतून भीती वाटायला लागली होती, पण त्या भीतीपेक्षाही, माझ्या रांधण्यात चूक नाही हे ठासून सांगावंसं वाटत होतं. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "मधमाशी-बिधमाशी चावली असेल बघ." हे वाक्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग ती ओकली. तोंड धुवायला मुलानं पाणी मागितलं. मी कॅन उचलला, हलवला, कॅन कोरडा. "पाणी नाही," मी म्हटलं. "होतं तेवढं पिठाला लागलं." म्हणता म्हणता माझी नजर चुलीकडं गेली. लहान पातेलं उपडं घातलेलं होतं, लख्ख. काल रात्री त्याच्या कडांना कुटाचा रस्सा चिकटून वाळला होता. भांडी घासायला तर पाणीच नव्हतं. मग हे स्वच्छ कशानं झालं?

मला सगळं कळलं. आणि कळल्यावर मी गप्प राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. दोन श्वास, चार श्वास. तेवढ्या वेळात माझ्या मनात एवढंच होतं की आता हे कसं सांगायचं, सगळ्यांपुढं तीनदा नाही म्हटल्यावर. समोर तिचा श्वास शिटीसारखा वाजायला लागला होता आणि मी माझ्या तोंडघशी पडण्याचा विचार करत होते. मला याची लाज वाटते. बाकी चूक हातांची होती, हे मात्र माझं होतं.

"होतं," मी म्हटलं. "कूट होतं. वांग्याचं पातेलं मी पिठात विसळलं."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. तसं त्यानं माझ्याकडं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मग तो डबीकडं वळला. पण घाईत त्याच्या हातून पहिली कुपी मानेपाशी मोडताना अख्खीच फुटली आणि औषध मातीत गेलं. एकच उरली. मी त्याच्या हातातून डबी घेतली. शिबिरांसाठी मी प्रथमोपचार शिकले होते, पट्ट्या बांधल्या होत्या, पण इंजेक्शन कधी कुणाला दिलं नव्हतं. सुनेला आता धड बोलता येत नव्हतं. तिनं बोटानं सिरिंजवरची रेघ दाखवली, मग मांडीची बाहेरची बाजू. "कपड्यावरून," एवढं ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मी कुपीची मान रुमालात धरून मोडली, रेघेपर्यंत औषध ओढलं, हवा काढली, आणि सुई सलवारीवरून आत घातली.

मुलानं विद्यार्थिनीला फोन लावला. ती वस्तीवरून धावतच आली, डोक्यावर बाज उलटी घेऊन. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. "चिखलातनं चालवत नेऊ नगा त्यास्नी," ती म्हणाली. "हिच्यावर निजवा." आम्ही सुनेला बाजेवर निजवलं, पायाखाली अंथरुणाची वळकटी दिली. मुलगा पुढं, मागं आम्ही दोघी. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. बाज हिंदकळली की सुनेचे डोळे उघडायचे, आणि ते उघडले की मला बरं वाटायचं.

बांध ओलांडताना विद्यार्थिनीनं दबक्या आवाजात विचारलं, "बाई, माज्या भाजीनं झालं का वो?"

"नाही गं. माझ्यानं झालं."

"न्हाय, पर कूट तर माजंच हुतं की."

"तू विचारल्यावर खरं सांगितलंस," मी म्हटलं. "मी नाही सांगितलं. चल, बाज उचल नीट."

गाडीत सुनेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इंजेक्शननं फरक पडला होता, शिटी थांबली होती, पण तिचं सगळं अंग कापत होतं आणि काळीज धडधडत होतं ते मला माझ्या हाताला लागत होतं. पण हे औषध थोडाच वेळ पुरतं हे तिनंच सांगितलं होतं, आणि दुसरी कुपी मातीत गेली होती. मुलगा गाडी हाकत होता. मंगळवेढ्याच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या. पुढं बसलेली विद्यार्थिनी खिडकीतून अर्धी बाहेर निघून ओरडली, "आरं बाजूला घे की! जीव चाललाय हितं!" ट्रॉलीवाल्यानं कडेच्या चरात चाक घातलं आणि वाट दिली.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. पुन्हा तेच औषध, ऑक्सिजन, सलाईन. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "खाल्ल्यावर किती वेळानं इंजेक्शन दिलंत?" मुलानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी सांगितलं, पाऊण तास तरी झाला असेल. "एवढा वेळ का थांबलात?" मी म्हटलं, "मी दाणा नाही म्हणून सांगितलं होतं." त्या कागदावर लिहून आत गेल्या. दुपारी म्हणाल्या, धोका टळलाय, पण त्रास उलटू शकतो, उद्यापर्यंत इथंच राहू द्या. मुलगा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण त्यानं डोकं बाजूला घेतलं.

विद्यार्थिनी एसटीनं शेताकडं गेली, तंबू आणि सामान आवरायला. मुलगा औषधं आणायला गेला. मी पलंगाशेजारी स्टुलावर बसले. सुनेचा चेहरा अजून सुजलेलाच होता, पण डोळे शांत होते. मी तिला म्हटलं, "मला लगेच सांगायला पाहिजे होतं. कळल्यावरही मी थांबले." ती म्हणाली, "आई, पुरे आता." ते माफ केल्यासारखं वाटलं नाही, खरोखर दमल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाशिकहून तिची आई. मुलानं दुपारी कधीतरी मेसेज टाकला होता, दवाखान्यात आहोत, ठीक आहे, एवढाच. तिच्या एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, म्हणून मी फोन स्पीकरवर करून तिच्या उशीवर ठेवला. पलीकडून आधी नुसतं रडणंच ऐकू आलं.

"अगं कशानं झालं? काय खाल्लंस?"

सून छताकडं बघत म्हणाली, "बाहेरचं खाल्लं थोडं. वाटेत. माझंच चुकलं."

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. नाशिकपर्यंत हे जाणार नव्हतं, नणंदेपर्यंत जाणार नव्हतं, सगळं या खोलीतच राहणार होतं. मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"तुला कितीदा सांगितलंय," तिची आई रडत रडतच रागावली, "बाहेरच्या कुणावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून! तिथं असलीस की सासूबाईंच्या हातचं तेवढंच खात जा. त्या बिचाऱ्या तुझ्यासाठी एवढं करतात. त्यांच्या हातचं असलं की मला इथं झोप लागते गं."

सुनेनं डोळे मिटून घेतले. मी उशीवरचा फोन उचलला. तिनं मान हलवून नको म्हटलं, पण मी उचललाच.

"विहीणबाई, मी बोलतेय," मी म्हटलं. "तिनं बाहेरचं खाल्लेलं नाही. माझ्या हातचंच होतं."

मग पातेल्याचं पाणी, तीनदा नाही म्हटलेलं, सगळं सांगितलं. मी फोन हातात धरून उभी राहिले.